वाचकांचे प्रश्न : 'गं. भा. वहिनी' कोण होत्या? अनाथालयातील पूर्वजांचा शोध

प्रश्न : माझे आजोबा १९८४ मध्ये वारले. ते सीताबर्डीवरील एका छापखान्यात जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारे, होते. त्यांचे बालपण नागपुरातील एका अनाथालयात गेले, एवढेच आम्हाला ठाऊक होते. त्याविषयी ते स्वतः कधी बोलले नाहीत आणि आजीने आम्हाला कधी विचारू दिले नाही. गेल्या दिवाळीत महालातील जुने घर रिकामे करताना त्यांच्या लोखंडी पेटीत धोतराच्या फडक्यात बांधलेली तेवीस पत्रे सापडली. त्यांत सतरा कार्डे आहेत, सहा लिफाफे आहेत. काही पत्रे बाळबोध अक्षरात, तर बरीचशी मोडीत आहेत. उमरेड तहसिलीतील आमच्या मूळ गावी मानमोडीच्या, म्हणजे १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या, साथीत त्यांचे आईवडील एकाच आठवड्यात गेले आणि मामाने त्यांना अनाथालयात आणून सोडले, असे घरात सांगितले जाई. त्यांना एक धाकटी बहीण होती, पण तिचे पुढे काय झाले हे कोणालाच सांगता येत नाही.

एका जाणकारांकडून मी चार मोडी पत्रे वाचून घेतली. त्यांपैकी एकावर 'शके १८४१, माघ वद्य ५' अशी मिती आहे. त्यात "गं. भा. वहिनी तुझी फार आठवण काढितात" असे वाक्य आहे आणि शेवटी "धाकटीस पंढरपुरास पोचते केले, काळजी नसावी" असे लिहिले आहे. पत्राखाली लिहिणाऱ्याचे नाव व त्याच्या वडिलांचे नाव आहे, आडनाव नाही. पत्त्यात फक्त 'अनाथालय, नागपूर' असे आहे. ते श्रद्धानंद अनाथालयच असणार, असे शेजारचे सांगतात. मी शोध कोठून सुरू करावा? आणि आजोबांनी आयुष्यभर जे झाकून ठेवले, ते आम्ही उघडणे योग्य आहे का?
— एक वाचिका, महाल, नागपूर

उत्तर : आपण शोध अनाथालयाच्या दारापासून सुरू करू नये, तो 'गं. भा. वहिनी' या तीन शब्दांपासून सुरू करावा, असे मला पत्र वाचताक्षणी वाटले. जुन्या मराठी पत्रांत नावामागची अक्षरे शोभेसाठी नसत. 'सौ.' म्हणजे नवरा हयात, 'गं. भा.' म्हणजे गंगाभागीरथी, अर्थात विधवा, आणि 'कै.' म्हणजे निवर्तलेले. यांत चूक झाली तर ती अशुभ मानली जाई, म्हणून पत्र लिहिणारा त्याबाबत फार जपत असे. शके १८४१ च्या माघात कोणी एक विधवा स्त्री हयात होती आणि ती आपल्या आजोबांची आठवण काढीत होती, एवढे हे वाक्य निश्चित सांगते. ती कोण, हा खरा प्रश्न आहे.

पुतण्याला किंवा भाच्याला लिहिताना 'तुझी आई' असे न लिहिता 'वहिनी' असे का लिहिले असावे, अशी शंका आपल्याला येईल. तिचे उत्तर आपल्या एकत्र कुटुंबांच्या बोलण्यात आहे. काका आणि आत्या जिला 'वहिनी' म्हणत, तिला तिची स्वतःची मुलेही 'वहिनी'च म्हणत. कित्येक घरांत 'आई' हा शब्द आजीसाठी राखलेला असे. माझी आजी तिच्या आईचा उल्लेख शेवटपर्यंत 'वहिनी' असाच करीत असे, आणि त्या कोण हे आम्हा नातवंडांना फार उशिरा कळले. तेव्हा पत्रातील वहिनी या आपल्या आजोबांच्या आईच असण्याची शक्यता मला बरीच मोठी वाटते. तसे असेल, तर आईवडील दोघेही एका आठवड्यात गेले ही घरातील हकिगत अर्धीच खरी ठरते.

हे तपासण्याचे साधन आपल्याच हातात आहे. पत्राखाली लिहिणाऱ्याच्या वडिलांचे नाव आहे. ते नाव आजोबांच्या आजोबांच्या नावाशी, म्हणजे वडिलांच्या वडिलांच्या नावाशी जुळले, तर लिहिणारा मामा नसून काका आहे, आणि काकाची वहिनी म्हणजे मुलाची आई हा अर्थ बळकट होतो. ते नाव आईच्या माहेरचे निघाले, तर तो खरोखरच मामा आहे आणि वहिनी ही त्याच्या भावाची विधवा, म्हणजे मुलाची मामी असू शकते. घरात सगळे 'मामा' म्हणत आले म्हणून तो मामा होता असे गृहीत धरू नका, कारण मुलाच्या मुलांच्या तोंडी जाईपर्यंत नाती बदलतात. पत्र दुसऱ्याच्या हातचे आहे का, हेही पाहावे. शेवटी 'द.' किंवा 'दस्तुर' असे लिहून वेगळे नाव घातले असेल, तर गावच्या गुरुजींनी किंवा पटवाऱ्याने ते लिहून दिले असेल, 'द. खुद्द' असेल, तर अक्षर स्वतः पाठवणाऱ्याचे आहे.

आता मितीविषयी. शकाच्या वर्षात चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवले, की इसवी सन मिळतो. त्यामुळे शके १८४१ चा माघ हा १९१९ मध्ये येत नाही, तो फेब्रुवारी १९२० मध्ये येतो. इन्फ्लुएंझाची जीवघेणी लाट मध्य प्रांतात १९१८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, म्हणजे शके १८४० च्या आश्विन-कार्तिकात होती. पत्र त्यानंतर सव्वा वर्षाने लिहिलेले आहे. साथीच्या वर्षीच, १९१८ मध्ये, पाऊस दगा देऊन गेला होता, धान्य महागले होते आणि साथीतून वाचलेल्या घरांतही खायला नव्हते, हे विसरू नये. १९२१ च्या जनगणनेने देशातील बळींची संख्या सव्वा कोटीच्या घरात मांडली होती आणि आपला मध्य प्रांत व वऱ्हाड हा सर्वाधिक झळ बसलेल्या प्रांतांपैकी होता. नवरा गेलेली, पदरात दोन मुले असलेली आणि दिराच्या घरात राहणारी बाई डोळ्यांसमोर आणली, म्हणजे मुलाला नागपूरला पाठवण्याचा निर्णय कसा झाला असेल हे समजू लागते.

आई असताना मुलगा अनाथ कसा, हा प्रश्न आज आपल्याला पडतो, कारण 'अनाथ' शब्दाचा अर्थ आज आकसला आहे. त्या काळी ज्याला नाथ नाही, म्हणजे पोसणारा आणि आधार देणारा पुरुष नाही, तो अनाथ. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये 'अनाथ बालिकाश्रम' काढला, तो मुख्यतः विधवांसाठी होता. पुण्यात १९०९ मध्ये सुरू झालेले 'अनाथ विद्यार्थी गृह' हे गरीब विद्यार्थ्यांना राहण्याजेवण्याचा आधार देणारे घर होते. वडील गेलेले आणि आई पोसू न शकणारे मूल संस्थेच्या वहीत सहजपणे अनाथ म्हणून दाखल होई. आजोबांना टाकून दिले होते की शिकण्या-जेवण्यासाठी ठेवले होते, यात फार मोठे अंतर आहे, आणि आपल्या घराने इतकी वर्षे न बोलता जो अर्थ धरला तो पहिलाच आहे, असे मला आपल्या पत्राच्या सुरावरून वाटते. टाकून दिलेल्या मुलाला कोणी तेवीस पत्रे पाठवत नाही. मात्र माझे म्हणणे निष्कर्ष म्हणून घेऊ नका, दप्तराने ते सिद्ध होऊ द्या.

पहिले दप्तर कोतवाल बुकाचे. जातपडताळणीमुळे हे नाव विदर्भात आता घरोघरी माहीत झाले आहे. गावातील जन्ममृत्यूची ही नोंद तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मिळते; आपल्याला उमरेड तहसिलीत गावाचे नाव आणि वर्ष देऊन नक्कल मागावी लागेल. १९१८ च्या सप्टेंबर ते डिसेंबर या महिन्यांतील मृत्यूंची सलग पाने मागा, एकाच नावाची नक्कल मागू नका, कारण शेजारच्या नोंदींतूनच नाती उलगडतात. कारणाच्या रकान्यात इन्फ्लुएंझा शोधू नका; तेथे बहुधा नुसते 'ताप' असते. वडिलांची नोंद सापडली आणि आईची सापडली नाही, तर आपल्या शंकेला बळ मिळेल, पण तेवढ्यावर ती हयात होती असे म्हणता येणार नाही. साथीच्या त्या आठवड्यांत नोंद करणारेही आजारी पडले, काही दगावले, आणि नोंदणीची व्यवस्था ठिकठिकाणी कोलमडली होती. आजोबांच्या जन्माची नोंद पाहताना तेथे बाळाचे नाव नसेल, फक्त वडिलांचे नाव आणि 'मुलगा' एवढेच असेल, हे लक्षात ठेवा, म्हणजे हाती आलेली नोंद निसटणार नाही.

त्याच गावच्या बंदोबस्ताच्या मिसलीत आणि जमाबंदीत, म्हणजे जमीन व साऱ्याच्या जुन्या नोंदींत, खातेदाराचे नाव वडिलांच्या नावासह असते. वर सांगितलेली काका-मामाची पडताळणी तेथे होईल. मालगुजारी, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, संपल्यानंतरचा १९५४-५५ चा अधिकार अभिलेखही (जमिनीच्या हक्कांची नोंद) पाहावा. आजोबांचा किंवा त्यांच्या आईचा हिस्सा कोणाच्या नावे गेला, हे त्यातून दिसू शकते. मुलाच्या नावावर जमीन असली, तर १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली जिल्हा न्यायालयात पालक नेमण्याचा अर्ज झालेला असू शकतो. जुने कागद नष्ट झाले असले तरी नोंदवही टिकलेली असते, म्हणून तेथेही एकदा विचारणा करावी. यांतून कोणाची जमीन परत मागण्याचा विचार मनात येऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. असे शोध त्या वळणावर गेले, की पुढे कोणी नातेवाईक दार उघडत नाही.

पत्रांकडे परत येऊ. मजकूर वाचून झाला म्हणजे पत्र वाचून झाले असे नसते. पाव आण्याचे पोस्टकार्ड १८७९ मध्ये सुरू झाले आणि १९२२ मध्ये त्याची किंमत अर्धा आणा झाली. म्हणून मिती नसलेल्या कार्डांवर छापलेली किंमत पाहिली, तरी ती त्या वर्षाच्या अलीकडची की पलीकडची हे बहुधा कळते. कार्डावर दोन शिक्के असतात, एक टाकल्याचा आणि एक पोचल्याचा. टाकल्याच्या शिक्क्यावरून काका-मामा कोणत्या गावी राहत होता हे समजेल, आणि सगळी कार्डे एकाच टपालकचेरीतून निघाली आहेत की मध्येच गाव बदलले आहे, हेही समजेल. पोचल्याचा शिक्का नागपुरातील कोणत्या टपालकचेरीचा आहे, यावरून ते अनाथालय शहराच्या कोणत्या भागात होते याचा अंदाज करता येतो. पत्रे ज्या क्रमाने बांधली होती तो क्रम आजोबांचा आहे. तो मोडू नका, मागे बारीक पेन्सिलीने क्रमांक घाला, दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्या, आणि कृपा करून त्यांना चिकटपट्टी लावू नका किंवा लॅमिनेशन करू नका. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, त्यामुळे महत्त्वाचे वाक्य दोन वेगवेगळ्या जाणकारांकडून, एकमेकांचे वाचन न दाखवता, वाचून घ्यावे. राज्याचा पुराभिलेख विभाग मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतो. नागपुरातील पुरालेखागारात चौकशी केल्यास वाचक मिळू शकतील. तेवीसही पत्रे वाचून होईपर्यंत कोणताही निर्णय करू नका.

संस्था कोणती, याबाबत शेजाऱ्यांचे म्हणणे मी सध्या बाजूला ठेवीन. आर्य समाजाचे पुढारी महात्मा मुन्शीराम यांनी १९१७ मध्ये संन्यास घेऊन श्रद्धानंद हे नाव धारण केले आणि २३ डिसेंबर १९२६ रोजी दिल्लीत त्यांची हत्या झाली. देशात त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या संस्था बहुतेक त्यानंतरच्या, स्मारकरूपाने स्थापलेल्या आहेत. १९२० मध्ये नागपुरात त्यांच्या नावाचे अनाथालय असणे मला संभवनीय वाटत नाही, आणि पत्त्यातही ते नाव नाही. आजोबा पुढे तेथे गेले असतील, किंवा आधीची मुले नंतर दुसऱ्या संस्थेत सामावली असतील. म्हणून १९२६ नंतरच्या पत्रांवरील पत्ता बदलला आहे का, ते जरूर पाहा.

संस्थेच्या नावापेक्षा शाळेचा रस्ता मला अधिक खात्रीचा वाटतो. अनाथालयातील मुले बहुधा जवळच्या म्युनिसिपल शाळेत जात, आणि शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर (मुले शाळेत आल्या-गेल्याची नोंदवही) अनाथालयाच्या वह्यांपेक्षा कितीतरी जास्त जपले गेले आहे. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला किंवा छापखान्यातील नोकरीचा एखादा कागद घरात असेल, तर त्यावरून शाळा सापडेल. नसेल, तर टपालाच्या शिक्क्याने सुचवलेल्या भागातील जुन्या शाळांमध्ये १९१९ ते १९२३ ची रजिस्टरे पाहण्याची परवानगी मागावी. त्यात जन्मतारीख १ जुलै असेल, तर ती गुरुजींनी अंदाजाने घातलेली आहे असे समजा. आपल्याला पाहायचा आहे तो पालकाचा रकाना. तेथे संस्थेचे किंवा तिच्या सुपरिंटेंडेंटचे नाव असेल, आणि नशीब असेल तर मूळ गावच्या नातलगाचेही असेल. मी माझ्या आजीच्या भावाचा शोध घेत होतो, तेव्हा दोन वर्षे एका संस्थेच्या जुन्या अहवालांत त्याचे नाव धुंडाळले आणि शेवटी तो सापडला शाळेच्या रजिस्टरात, 'पालक : आई' या दोन शब्दांपुढे. त्या दिवशी आमच्या घरात जे बोलणे झाले, ते त्याआधी साठ वर्षांत झाले नव्हते.

संस्था निश्चित झाली, की तिच्याकडे लेखी अर्ज करावा आणि नात्याचा पुरावा जोडावा. दाखल पुस्तकात मुलाच्या नावाइतकाच दाखल करणाऱ्याचे नाव व गाव हा रकाना मोलाचा असतो. संस्था बंद पडली असेल, तर तिची मालमत्ता व दप्तर कोणाकडे गेले याचा माग धर्मादाय सहआयुक्त कार्यालयातील नोंदीत लागण्याची शक्यता आहे. त्या काळच्या संस्था देणगीदारांसाठी वार्षिक अहवाल छापत; त्यांत मुलांना कोणते काम शिकवले जाते हे आवर्जून लिहिलेले असे. आपले आजोबा जुळारी झाले, तेव्हा ज्या संस्थेच्या अहवालात छापखान्याचे शिक्षण दिसेल, तिच्याकडे विशेष लक्ष द्यावे.

धाकट्या बहिणीविषयी मला फार जपून लिहावेसे वाटते. पंढरपुरात प्रार्थना समाजाचा बालकाश्रम १८७५ पासून आहे, त्यामुळे 'पंढरपुरास पोचते केले' हे वाचून मन लगेच तिकडे धावते. तेथे पत्र पाठवून १९१९-२० च्या नोंदी विचारण्यात काहीच गैर नाही. परंतु उमरेडहून पंढरपूर लांब आहे आणि 'पोचते करणे' याचा अर्थ एखाद्या नातलगाच्या घरी नेऊन सोडणे असाही होतो, सासरी पोचवणे असाही होतो. बालविवाह प्रतिबंधक कायदा अमलात आला तो १ एप्रिल १९३० रोजी; १९२० मध्ये पाच-सहा वर्षांच्या मुलीचे लग्न झालेले असणे अशक्य नव्हते. तसे झाले असेल, तर आडनावाबरोबर तिचे पहिले नावही बदललेले असेल आणि माहेरच्या नावाने ती कोठेच सापडणार नाही. पुढच्या पत्रांत 'धाकटी' हा शब्द कोणत्या विशेषणासह येतो ते पाहा. 'चि. धाकटी' असे असेल, तर ती कुमारिका आहे, 'चि. सौ.' किंवा 'सौ.' असे झाले, तर लग्न झाले. आणि तिचा उल्लेख एखाद्या पत्रानंतर एकाएकी थांबला असेल, तर त्या पत्राच्या पुढचेमागचे महिने कोतवाल बुकात पाहण्याची तयारी मनाने ठेवावी.

आजोबांनी जे झाकून ठेवले ते उघडावे का, असे आपण विचारले आहे. त्यांना ते पुसून टाकायचे असते, तर ही पत्रे चुलीत गेली असती. त्यांनी ती साठ वर्षे क्रमाने बांधून जपली आणि मरताना पेटीत ठेवली. म्हणून वाचण्याचा अधिकार आपल्याला आहे असे मी मानतो. मात्र पत्रे छापायची किंवा सर्वांसमोर मांडायची झाल्यास आपल्या आजीच्या आग्रहाचाही मान राखावा: ज्या नातलगांची नावे त्यांत येतात, त्यांच्या हयात वारसांना आधी दाखवावीत. बहिणीचे वंशज सापडले, तर पहिली भेट कागद घेऊन करू नये. आधी एखादे साधे पत्र लिहावे.

प्रश्न : आमचे कुटुंब चार पिढ्यांपासून ख्रिस्ती आहे. पणजी छप्पनच्या दुष्काळात लहानपणी छत्तीसगडकडून आली आणि मिशनच्या अनाथालयात वाढली, असे सांगतात. तिचे मूळ नाव व गाव कळू शकेल का?
— एक वाचक, सदर, नागपूर

उत्तर : छप्पनचा दुष्काळ म्हणजे विक्रम संवत १९५६ चा, अर्थात १८९९-१९०० चा. त्याआधी तीन वर्षांपूर्वीचा १८९६-९७ चा दुष्काळही मध्य प्रांताला तितकाच जिव्हारी लागला होता आणि घराघरांतील आठवणींत हे दोन दुष्काळ एकमेकांत मिसळतात. म्हणून दोन्ही वर्षांचा विचार ठेवावा. नागपूर तोवर रेल्वेने छत्तीसगडशी जोडलेले होते, त्यामुळे तिकडची मुले येथवर येणे स्वाभाविक होते.

सरकारी धोरणाप्रमाणे दुष्काळी छावणीत किंवा अन्नगृहात एकटे राहिलेल्या मुलाचे नातलग आधी शोधायचे, मग त्याच धर्माचे कोणी सांभाळायला तयार आहे का ते पाहायचे, आणि त्यानंतरच ते संस्थेकडे सोपवायचे असे होते. व्यवहारात हे किती पाळले गेले, यावर त्या वेळी मोठा वाद झाला. लाला लजपतराय यांनी १८९७ पासून मध्य प्रांतातील अनाथ मुले पंजाबातील आर्य समाजाच्या अनाथालयांत नेण्याचे काम हाती घेतले आणि १९०१ च्या दुष्काळ आयोगापुढे साक्षही दिली. पंडिता रमाबाई यांनी १८९७ मध्ये याच प्रांतातून दुष्काळग्रस्त मुली व स्त्रिया पुण्याकडे नेल्या. त्यांतून केडगावचे मुक्ती सदन वाढले. या सगळ्या घडामोडींमुळे जिल्हा कचेऱ्यांत अशा मुलांविषयी पत्रव्यवहार झाला, आणि तो आपल्यासाठी महत्त्वाचा आहे. जुन्या मध्य प्रांताच्या सचिवालयाचे दप्तर पाहताना नागपूर आणि भोपाळ या दोन्ही ठिकाणी शोध घ्यावा लागतो.

पणजीचे मूळ नाव मिळण्याची सर्वांत जास्त आशा बाप्तिस्मा नोंदवहीत आहे. नवे नाव देताना कित्येक पाद्री पूर्वीचे नाव, अंदाजे वय व गाव शेजारी लिहून ठेवीत. त्यासाठी मिशन कोणते, हे आधी निश्चित करा. नागपुरात स्कॉटिश मिशन १८४५ पासून, स्टीफन हिस्लॉप आल्यापासून होते. त्याची परंपरा पुढे चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आली, ज्याची स्थापनाच २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात झाली. त्या मिशनचे जुने कागद एडिनबरो येथील स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. कॅथलिक कुटुंब असल्यास १८८७ मध्ये स्थापन झालेल्या नागपूर धर्मप्रांताच्या जुन्या पॅरिशमध्ये विचारावे. पणजी धमतरी भागातील असेल, तर अमेरिकन मेनोनाइट मिशनचा विचार अवश्य करा, कारण ते मिशन तेथे १८९९ मध्ये याच दुष्काळाच्या तोंडावर सुरू झाले आणि त्याने बरीच अनाथ मुले सांभाळली. नागपूरच्या मंडळीत पणजीचे लग्न लागले असेल, तर विवाह नोंदवहीत ती आधी कोणत्या मंडळीची सभासद होती हे लिहिलेले असू शकते. माझ्या मते आपण तीच नोंद पहिल्यांदा काढावी, म्हणजे बाकीची मिशने धुंडाळण्याचे श्रम वाचतील.

बाप्तिस्मा नोंदीत 'आईवडील अज्ञात' एवढेच मिळाले, तर त्या वर्षीच्या त्याच पानावरील इतर मुलांच्या नोंदी वाचा. एकाच दिवशी एकाच गावाहून आलेली मुले अनेकदा एकत्र दाखल होत, आणि त्यांपैकी एकाच्या नावापुढे गाव लिहिलेले सापडते.

प्रश्न : मला १९७८ मध्ये नागपुरातील एका संस्थेतून दत्तक घेतले गेले. आईवडिलांनी हे मला नुकतेच सांगितले. जन्मदात्रीची माहिती मागण्याचा मला हक्क आहे का?
— एक वाचक, धंतोली, नागपूर

उत्तर : आपला प्रश्न वरील दोन्हींपेक्षा वेगळा आहे, कारण यात हयात माणसे आहेत. सज्ञान दत्तक व्यक्तीला आपल्या मुळाचा शोध घेण्यासाठी दत्तक नियमावलीत तरतूद आहे. त्यासाठी संस्थेशी, जिल्हा बाल संरक्षण कक्षाशी किंवा केंद्रीय दत्तक प्राधिकरणाशी, म्हणजे कारा या संस्थेशी, लेखी संपर्क साधावा. आपण संस्थेत कधी आलात, कोठून आलात आणि तेव्हाची परिस्थिती काय होती, ही माहिती विचारता येते. मात्र आईने मूल स्वतः संस्थेकडे सोपवले असेल, तर तिची ओळख तिच्या संमतीशिवाय सांगितली जात नाही, आणि ते मला योग्य वाटते. तिने कदाचित आपल्या आजच्या घरातही ही गोष्ट सांगितलेली नसेल. संस्थेच्या कर्मचाऱ्यांकडून खाजगीत नाव-पत्ता काढण्याचा मोह टाळा.

अर्ज करण्यापूर्वी आपल्या आईवडिलांकडे असलेले न्यायालयाचे किंवा दत्तकविधानाचे कागद पाहून घ्या. त्या दशकात हिंदू कुटुंबांत दत्तकविधान १९५६ च्या कायद्यानुसार होई, आणि त्या कागदांत संस्थेतील आपले पहिले नाव, तसेच आपण तेथे दाखल झाल्याची तारीख असण्याची शक्यता आहे. ते नाव आणि ती तारीख हाती असेल, तर संस्थेला आपली नोंद काढून देणे सोपे जाईल.